बुडालेल्या जहाजांचा हिशेब कोण ठेवणार?

२५ मे २०२५ रोजी कोचीपासून सुमारे ३८ सागरी मैलांवर एमएससी एल्सा ३ हे लायबेरियाचा झेंडा लावलेलं कंटेनर जहाज बुडालं आणि मुंबईतही एक जुना वाद नव्याने पेटला. एक बाजू म्हणते, समुद्रात बुडालेलं प्रत्येक जहाज वर काढा आणि खर्च परदेशी मालकाकडून वसूल करा. दुसरी बाजू म्हणते, समुद्राने आजवर हजारो जहाजं पोटात घेतली, त्यात आणखी एकाने काय बिघडतं? आपल्याकडे पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर डांबरगोळे येऊन पडले की याच दोन बाजू एकमेकींवर तुटून पडतात. ऑक्टोबरात किनारा स्वच्छ दिसू लागला की वादही थांबतो. दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे. पण दोघीही जहाजाबद्दल भांडतात आणि जहाजात काय आहे हे विचारायचं विसरतात.

माझं म्हणणं सरळ आहे. बुडालेलं जहाज वर काढायचं की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा गैरलागू असतो. लोखंड तळाशी राहिलं तरी चालेल. त्याच्या टाक्यांमधलं तेल आणि पोटातला विषारी माल मात्र तिथे राहता कामा नये. ते तेल कोणत्या जहाजात आहे, किती आहे आणि टाकीचा पत्रा अजून किती वर्षं तग धरेल, याची यादी करून सर्वांत धोकादायक जहाजं गळायच्या आधी रिकामी करणं हे शासनाचं काम आहे. आज आपली सगळी यंत्रणा गळती झाल्यानंतरच्या धावपळीसाठी उभी आहे. तटरक्षक दलाकडे १९९६ची राष्ट्रीय आपत्कालीन योजना आहे, तेल अडवणारे तरंगते बूम आहेत, फवारणीची विमानं आहेत, आणि ती माणसं जीव धोक्यात घालून काम करतात. पण तेल पाण्यावर आलं की मगच त्यांना हाक जाते.

जहाज तळाला टेकलं म्हणजे त्याच्या सगळ्या टाक्या लगेच फुटतात असं नाही. इंजिनाला लागणारं जड तेल काकवीसारखं दाट असतं. ते टाकीत वर्षानुवर्षं पडून राहतं. गंज मात्र थांबत नाही. पाणी उबदार आणि प्राणवायू भरपूर असेल तर तो पत्रा लवकर खातो, गाळात रुतलेला भाग हळू झिजतो. एकाच जहाजाची एक टाकी शाबूत आणि दुसरी चाळण, असं होऊ शकतं. पुढे एखाद्या वादळात सांगाडा हलतो, ट्रॉलरचं जड जाळं त्यात अडकून एखादा पाइप तुटतो, किंवा नुसताच गंजलेला जोड सुटतो, आणि तेल वर येऊ लागतं. तोवर बुडाल्याची बातमी लोक विसरलेले असतात. म्हणून अशा गळतीला गूढ गळती म्हणतात: तेल दिसतं, जहाज दिसत नाही.

याची दोन उदाहरणं नीट पाहण्यासारखी आहेत. अमेरिकन नौदलाचं मिसिसिनेवा हे तेलवाहू जहाज २० नोव्हेंबर १९४४ रोजी प्रशांत महासागरातल्या उलिथी या प्रवाळबेटाच्या खाजणात बुडालं. पन्नासहून अधिक वर्षं ते गप्प होतं. २००१च्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि काही आठवड्यांत तेल गळू लागलं. ज्या बेटावरची माणसं त्याच खाजणातले मासे खाऊन जगत होती, त्यांची मासेमारी बंद झाली. २००३मध्ये अमेरिकन नौदलाने पाणबुडे पाठवून ६५ लाख लिटरांहून अधिक तेल उपसलं. म्हणजे साठ वर्षं जुनं तेल होतं, ते बाहेर काढता येण्यासारखं होतं, आणि काढलं गेलं. तेल आता जुनं झालं, त्याची ताकद गेली असेल, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. बंद टाकीत ऊन नाही, लाटा नाहीत, वारा नाही. तिथे तेलाचं फारसं काही बिघडत नाही.

दुसरं उदाहरण मुंबईकराला अधिक जवळचं वाटावं. जेकब लकेनबाख हे मालवाहू जहाज १४ जुलै १९५३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नैर्ऋत्येला सुमारे १७ मैलांवर टक्कर होऊन बुडालं, ५० मीटरच्या आसपासच्या पाण्यात. नव्वदच्या दशकात दर हिवाळ्यात तिथल्या किनाऱ्यावर तेलाने माखलेले मेलेले पक्षी येऊ लागले. जाणारी-येणारी जहाजं टाक्या धुऊन तेल सोडतात असा संशय घेतला गेला. अनेक वर्षं चुकीच्या जागी शोध चालला. २००२ मध्ये तेलाच्या नमुन्यांची तपासणी आणि जुन्या नोंदींचा माग यांतून गुन्हेगार सापडला, तो तळाशी पडून होता. तोवर ५० हजारांहून अधिक पक्षी मेले होते. मग टाक्यांना झडप बसवून, दाट झालेलं तेल वाफेने तापवून, पावणेचार लाख लिटरांच्या आसपास तेल उपसलं गेलं. खर्च सुमारे दोन कोटी डॉलर. हा आकडा मोठा आहे आणि तो मी लपवत नाही. पण यादी आधी केली असती तर शोधाची ती दहा वर्षं आणि ते पक्षी वाचले असते.

आता आपल्या दारात या. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलीजिया ३ यांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, त्यांतल्या काहींमध्ये कीटकनाशकं होती. खाडीकाठच्या कांदळवनांची मुळं काळी पडली. जवळपास एका वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ रोजी, एमव्ही रॅक हे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडालं. आत ६० हजार टनांहून अधिक कोळसा, २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल. दोन्ही वेळा नारळी पौर्णिमा तोंडावर होती. पावसाळाभर किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होड्या ज्या दिवसांची वाट बघत होत्या, त्याच दिवसांत लोकांनी मासे घ्यायचं बंद केलं. वर्सोवा, माहीम, उरण, अलिबाग इथल्या कोळीवाड्यांना या दोन ऑगस्टांनी काय केलं, हे बाजारात पाटी लावून बसणाऱ्या कुठल्याही कोळणीला विचारावं.

या दोन जहाजांचं पुढे काय झालं ते पाहा, कारण माझ्या सगळ्या युक्तिवादाचा गाभा तिथे आहे. चित्रा मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांच्या वाटेत आडवी होती. काही दिवस बंदरांची वाहतूक ठप्प झाली. देशाचा व्यापार अडला, तेव्हा कंटेनर उतरवले गेले, तेल काढलं गेलं, जहाज तरंगतं करून तिथून हलवलं गेलं. रॅक कुणाच्या वाटेत नव्हतं. ते जिथे गेलं तिथेच राहिलं. पाच वर्षांनी, २०१६मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाच्या मालक कंपन्यांना १०० कोटी रुपये आणि कोळशाच्या मालक कंपनीला ५ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. बुडालेला कोळसा हासुद्धा समुद्राचं प्रदूषण आहे, हे त्या निकालाने मान्य केलं. तो निकाल मोलाचा आहे. पण निकालपत्राने टाकी रिकामी होत नाही.

हे मुंबईचं वैशिष्ट्य नाही आणि आजचंही नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. सुमारे १,४०० टन दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकाच जहाजात होत्या. शेकडो माणसं मेली, गोदीतली जहाजं जागच्या जागी बुडाली, मस्जिद बंदरपर्यंत आग गेली. महायुद्ध चालू होतं, बंदर हवं होतं. हजारो माणसं कामाला लावून काही महिन्यांत त्या गोद्या पुन्हा वापरात आणल्या गेल्या. तेव्हा खर्च, धोका, तंत्रज्ञान यांपैकी कुठलीही सबब आड आली नाही. पुढे कित्येक दशकं गाळ उपसताना त्या सोन्याच्या विटा सापडत राहिल्या आणि त्या नीट जमा केल्या गेल्या.

सोन्याचांदीच्या बाबतीत समुद्र कधीच फार खोल नसतो. न्यूझीलंडजवळ १९४० मध्ये सुरुंगावर आदळून नायगारा हे प्रवासी जहाज १२० मीटर खोल गेलं. पुढच्याच वर्षी, युद्ध चालू असताना, त्यातल्या ५९० सोन्याच्या विटांपैकी ५५५ वर काढल्या. तेल तिथेच राहिलं आणि अनेक वर्षं थोडं थोडं वर येत राहिलं. आणखी एक जहाज तर आपल्या बॅलार्ड पियरवरून निघालेलं. नोव्हेंबर १९४२मध्ये मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे जाणारं तिलावा जपानी पाणबुडीने बुडवलं. २८० माणसं गेली, त्यात बहुतांश भारतीय. त्या जहाजात २,३६४ चांदीच्या विटा होत्या. २०१७मध्ये एका खाजगी कंपनीने अडीच किलोमीटर खोलवरून त्या वर आणल्या, आणि त्यांच्या मालकीचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४मध्ये निकाली निघाला. अडीच किलोमीटर! मग पन्नास मीटरवरच्या तेलाच्या टाकीपर्यंत हात पोहोचत नाही, हे कसं मानायचं? बुडालेल्या जहाजातून वेळेवर दोनच गोष्टी बाहेर येतात: जी व्यापाराची वाट अडवते ती, आणि जिला बाजारात भाव आहे ती. तेल वाट अडवत नाही आणि त्याला भावही येत नाही. ते फक्त मासे मारतं आणि जाळी खराब करतं. त्याची किंमत मोजणाऱ्या माणसाच्या हातात ना बंदर असतं ना कंपनी.

विरोधी बाजूचे मुद्दे हलके नाहीत. सर्वांत वजनदार मुद्दा हा की मुंबईच्या समुद्राचा मुख्य शत्रू बुडालेली जहाजं नव्हेतच. तो आहे या शहराचं सांडपाणी. वर्षानुवर्षं कोट्यवधी लिटर अर्धवट प्रक्रिया केलेलं, काही ठिकाणी अजिबात न केलेलं पाणी आपण खाड्यांत आणि समुद्रात सोडत आलो. डांबरगोळ्यांचंही तसंच. त्यांतले बरेच चालत्या जहाजांनी टाक्या धुऊन सोडलेल्या तेलाचे, तेलविहिरींच्या परिसरातल्या गळतीचे असतात. हे पूर्णपणे खरं आहे, आणि जुहूला दिसलेल्या प्रत्येक काळ्या गोळ्याचा दोष रॅकवर टाकणारे स्वतःच्याच बाजूचं नुकसान करतात. पण सांडपाण्यासाठी महापालिका सात नवी प्रक्रिया केंद्रं बांधते आहे. उशिरा का होईना, त्या प्रश्नाला खातं आहे, अंदाजपत्रक आहे, ठेकेदार आहे, न्यायालयाचा तगादा आहे. बुडालेल्या जहाजांच्या प्रश्नाला यांतलं काहीच नाही. मोठा प्रश्न समोर आहे म्हणून लहान प्रश्न सोडून द्यायचा, हा न्याय लावला तर लहान प्रश्न मोठा होईपर्यंत कुणी हात लावणार नाही. शिवाय दोन्हींचं स्वरूप वेगळं आहे. सांडपाणी रोज येतं, त्यामुळे रोज दिसतं. टाकी एकदाच फुटते आणि ती फुटण्याची तारीख कुणी कळवत नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. जगभरात तेल असू शकेल अशी ८,५००हून अधिक बुडीत जहाजं आहेत, असा २००५चा एक अभ्यास सांगतो. त्यांतली तीन चतुर्थांश दुसऱ्या महायुद्धातली. त्यांच्यात मिळून २५ लाख ते २ कोटी टन तेल असावं. एवढी जहाजं कोण आणि कधी रिकामी करणार? हा प्रश्न ऐकून माणूस हताश होतो. पण त्या अंदाजाकडेच जरा बघा. खालचा आकडा आणि वरचा आकडा यांत आठपट फरक आहे. म्हणजे मोजणी झालेलीच नाही. जिथे झाली तिथे काय दिसलं? अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१३मध्ये आपल्या पाण्यातल्या सुमारे २० हजार बुडीत जहाजांच्या नोंदी चाळल्या. कोणतं कोळशावर चालायचं, कोणाचे बुडतानाच तुकडे झाले, कोणाचं तेल तेव्हाच जळून गेलं, हे कागदांवरून तपासलं. शेवटी चिंतेची ८७ उरली. त्यांतली ३६ अधिक लक्ष देण्याजोगी, आणि प्रत्यक्ष तपासून गरज पडल्यास तेल उपसावं अशी फक्त १७. वीस हजारांवरून सतरा! हे काम बहुतांशी कागद वाचून झालं, समुद्रात उतरून नव्हे. भारतात असं चाळण लावलं तर हाताशी किती जहाजं उरतील? तो आकडा मी सांगणार नाही. तो काढावा, एवढीच तर मागणी आहे.

तिसरा मुद्दा जाणकारांचा आहे आणि मला तो सर्वाधिक पटतो: गंजलेल्या जहाजाला हात लावणं हेच धोक्याचं ठरू शकतं. नॉर्वेजवळ यू-८६४ ही जर्मन पाणबुडी फेब्रुवारी १९४५मध्ये बुडाली, आत ६७ टन पारा. २००३मध्ये ती सापडली. ती उचलावी की वाळूखाली गाडून टाकावी, यावर तिथलं सरकार, शास्त्रज्ञ आणि जवळच्या फेड्ये बेटाचे रहिवासी वर्षानुवर्षं भांडले, आणि दोन्ही बाजूंना आधार होता. इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या मुखाशी रिचर्ड माँटगोमेरी हे जहाज आहे. आपल्या गोदीतल्या स्फोटानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्ट १९४४मध्ये, ते वाळूत रुतलं, आणि त्यातही आज सुमारे १,४०० टन स्फोटकं आहेत. एकामागून एक सरकारांनी ठरवलं की हलवण्यापेक्षा न हलवणं बरं. मी असं म्हणणार नाही की ते सगळे भित्रे होते. काही जहाजांना हात न लावणं हाच योग्य निर्णय असतो. पण माँटगोमेरीभोवती मनाई क्षेत्र आहे, तुळया आणि पत्रे किती झिजले याची नियमित पाहणी होते आणि अहवाल लोकांसमोर ठेवला जातो. पूर्ण माहिती घेऊन, लेखी कारण देऊन, नजर ठेवून जागेवर राहू देणं याला निर्णय म्हणतात. आपण रॅकसारख्या जहाजाच्या बाबतीत असा कोणता निर्णय घेतला? कोणत्या कागदावर? कोणाच्या सहीने?

बुडीत जहाजाभोवती मासे जमतात, ते प्रवाळाचं काम करतं, मग त्याला का छेडायचं, असंही विचारलं जातं. मासे जमतात हे कोळी आपल्याहून चांगलं जाणतात, आणि त्याच ठिकाणी जाळं अडकून फाटतं हेही. पण जे मुद्दाम जहाज बुडवून माशांना घर करून देतात, ते आधी काय करतात? अमेरिकेने २००६मध्ये ओरिस्कनी ही जुनी विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ बुडवली, त्याआधी ती तेल आणि विषारी द्रव्यांपासून साफ करायला मोठा खर्च केला. आपल्या सिंधुदुर्गात निवती खडकाजवळ नौदलाची निवृत्त गुलदार पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी निवडली, तीही साफ करूनच बुडवायची अशी योजना. म्हणजे हा मुद्दा माझ्याच बाजूने बोलतो. लोखंड राहू द्या, मासे राहू द्या, तेल काढा.

राहिली श्रद्धेची गोष्ट. बुडालेलं जहाज अनेकदा कबर असतं. खुकरी या युद्धनौकेवरचे १९४ नौसैनिक १९७१मध्ये दीवजवळ समुद्रात गेले. त्या जागेबद्दल बोलताना कुणाचाही आवाज खाली यावा. तिथे काय करायचं ते नौदलाने आणि त्या घरांनी ठरवावं. पण आदर आणि स्वच्छता यांचं वैर नाही. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये १९३९मध्ये बुडालेल्या रॉयल ओकवर ८३०हून अधिक माणसं गेली. ती युद्धकबर म्हणून संरक्षित आहे, तिच्या आत कुणी शिरत नाही. तरीही ब्रिटिश संरक्षण खात्याने बाहेरून झडपा बसवून अनेक वर्षांत तिच्यातलं दीड हजार टनांहून अधिक तेल काढलं, कारण ते आजूबाजूच्या किनाऱ्यावर जात होतं. मृतांच्या जागेतून तेल पाझरत राहणं हा त्यांचा मान कसा?

आता पैसा आणि मालकी. वाद सर्वांत जास्त इथे भरकटतो. बुडवणाऱ्याने भरावं, हे तत्त्व मला शंभर टक्के मान्य आहे. केरळने एल्सा ३ प्रकरणी ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज अडकवून ठेवायचा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळवला, हे धाडस महाराष्ट्राने शिकण्यासारखं आहे. पण मालक सापडेपर्यंत टाकी थांबत नाही. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातली कागदी कंपनी, विमा तिसरीकडे. बुडीत जहाजं हटवण्याविषयीचा नैरोबी करार २००७चा. भारताने मार्च २०११मध्ये तो स्वीकारला. रॅक त्यानंतर पाच महिन्यांनी बुडालं. करार अंमलात आला एप्रिल २०१५मध्ये, आणि तो मागे जाऊन लागू होत नाही. युद्धनौकांना तर तो लागूच नाही. म्हणजे पुढे बुडणाऱ्या व्यापारी जहाजांसाठी विम्याची हमी आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. आजवर बुडालेल्यांसाठी काही नाही, आणि जुन्या जहाजांचे पत्रेच आधी फुटणार आहेत. भोपाळला हाच खेळ आपण पाहिला. मालक कोण, खर्च कोणाचा, या वादात कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षं पडून राहिला. तो जानेवारी २०२५मध्ये हलला, तोही न्यायालयाने खडसावल्यावर. त्या चाळीस वर्षांत तत्त्व शाबूत राहिलं. आजूबाजूच्या वस्त्यांचं पिण्याचं पाणी राहिलं नाही.

म्हणून आधी तेल काढावं, मग वसुलीसाठी भांडावं. त्यासाठी वेगळा निधी लागतो. ही कल्पना परकी नाही. आपल्या १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्यात नंतर घातलेल्या तरतुदीत तेल प्रदूषण उपकर होता, टनामागे ५० पैशांपर्यंत. अमेरिकेत तेलाच्या पिंपामागे कर घेऊन असाच निधी उभारला गेला, आणि लकेनबाखची साफसफाई त्यातूनच झाली. भारत आज वर्षाला २३ कोटी टनांच्या वर कच्चं तेल समुद्रमार्गे आणतो. टनामागे दहा रुपये घेतले तर वर्षाला २३० कोटी रुपये जमतात. एका टनात साधारण अकराशे-बाराशे लिटर तेल असतं, म्हणजे लिटरमागे भार एक पैशाच्या आसपास. आपल्या गाड्यांसाठी जे तेल या समुद्रावरून येतं, त्याने समुद्राला लिटरमागे एक पैसा देणं ही फार मोठी मागणी आहे का? आणि अशी दोन-चार जहाजं दरवर्षी रिकामी करायची नसतात. चाळण लावल्यावर जी उरतील ती दहा-पंधरा वर्षांत संपवायची असतात. खर्चाला शेवट आहे. गळतीच्या खर्चाला नाही.

यादी करायची तर सुरुवात कुठून? नाविकांच्या नकाशांवर बुडीत जहाजं आधीच दाखवलेली असतात, पण ती कुणाचा तळ त्यांना लागू नये म्हणून. वर किती पाणी आहे ते त्यात कळतं, आत काय आहे ते नाही. दुसरी नोंद बंदरांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या दप्तरांत आहे. तिसरी कोळीवाड्यांत आहे. कुठे जाळं अडकतं, कुठे डोल जाळी लावायची नाही, कोणत्या ठिकाणी निवांत दिवशी पाण्यावर रंगीत तवंग दिसतो, हे तांडेलांना ठाऊक असतं. आज ते जीपीएसमध्ये बिंदू म्हणून साठवलेलंही असतं. हे ज्ञान मागायला आजवर सरकारचा माणूस बंदरावर क्वचितच आला. मत्स्यव्यवसाय खात्याने मच्छीमार सोसायट्यांमार्फत ते गोळा केलं आणि त्याचा मोबदला दिला, तर पहिली कच्ची यादी एका हंगामात तयार होईल.

आपल्या समुद्रात पाणबुड्याला काम करायला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने मिळतात. एल्सा ३ मान्सूनच्या तोंडावर बुडालं आणि तेल उपसण्याचं काम पावसाळ्याने रखडवलं. म्हणून तयारी जूनच्या आत झाली पाहिजे, संकट आल्यावर निविदा काढून चालणार नाही. नौवहन महासंचालनालयाचं कार्यालय मुंबईतच आहे. तटरक्षक दलाचं पश्चिम विभागाचं मुख्यालयही इथेच. २०२५मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदाही संसदेने केला. महासंचालनालय आणि तटरक्षक दल या दोघांनी मिळून, या कायद्याखालचे नियम करताना, बुडीत जहाजांची जाहीर नोंदवही आणि तिची दर पाच वर्षांनी फेरतपासणी सक्तीची करावी. पुढच्या ऑक्टोबरात समुद्र शांत झाला की पहिलं सर्वेक्षण रॅकचं व्हावं: कोणत्या टाक्या शाबूत आहेत, किती तेल उरलं आहे, कोळसा कुठवर पसरला आहे. आणि तो अहवाल इंग्रजीबरोबर मराठीतही छापून ससून डॉकपासून सातपाटीपर्यंतच्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात लावला जावा.